तीन मिलिमीटरची फट

१२ जानेवारी, सोमवार

आज चहाच्या वेळी फोरमनने चौघांसमोर विचारलं, "मिस्त्री, तुमच्याकडे कागद कुठला आहे?"

कागद म्हणजे वेल्डिंगचं प्रमाणपत्र. चोवीस वर्षं मी याच शेडमध्ये, खिडकीजवळच्या पहिल्या टेबलावर वेल्डिंग करतो. ट्रॉल्या, रॅक, टेबलांचे सांगाडे. माझा जोड डोळे मिटून बोटाने चाचपला तरी सापडत नाही. कागद कधी कुणी मागितला नव्हता. आता कारखान्याला जाड पत्र्याच्या टाक्यांचं काम मिळालंय आणि घेणाऱ्यांची अट अशी, की प्रमाणपत्र नसलेल्याचा हात टाकीला लागता कामा नये. एक मेपासून.

"नाहीतर स्टोअर आहेच की," फोरमन म्हणाला. "बसून काम. वर पंखा."

नटबोल्ट मोजायचे आणि चिठ्ठ्या फाडायच्या. त्याला वाटलं, आपण माझी सोय लावली.

घरी हिला सांगितलं. हिने फ्रिजवरच्या चुंबकाखालचं एक पत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. कम्युनिटी कॉलेज. हातकामाचे कोर्स, तेरा आठवडे, वर्ग सकाळी साडेसहा ते नऊ, फी नाही.

"हे कधीपासून आहे इथे?"

"दोन महिने. दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडता तुम्ही."

१३ जानेवारी, मंगळवार

फी नाही म्हणे. फी असती तर परवडत नाही असं तरी सांगता आलं असतं.

१४ जानेवारी, बुधवार

अर्ज भरून आलो. आठ रकाने. सातव्यात — "यापूर्वी कोणाकडे शिकलात?" मी लिहिलं, स्वतः.

खिडकीतल्या बाईंनी पेन थांबवलं. "स्वतः हे संस्थेचं नाव आहे?"

"नाही. मी."

खरंच आहे ते. सतराव्या वर्षी एका फुटक्या काळ्या काचेतून खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या माणसाचा हात बघितला, तेवढंच. त्याने मला कधी आत बोलावलं नाही. पुढचं सगळं माझं मी. भाजलेल्या बोटांसकट.

बाई म्हणाल्या, "फी नाही म्हणजे फुकट नाही हं काका. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कापतो. बाहेर तुमच्या जागेसाठी चाळीस जण बसलेत."

काका! त्या बाई पन्नाशीच्या आतल्या नव्हत्या.

१९ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. लांबलचक शेड, दोन्हीकडे पडदे लावलेले कप्पे, एकूण चौदा. मला सात नंबर. सर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान — विचारून घेतलं. जहाजांच्या तळाला जोड देत होते म्हणे. नाव कुणाचंच घेत नाहीत, कप्प्याच्या नंबराने हाक मारतात. मी झालो सात नंबर.

आज हातमोजे कसे घालायचे ते शिकवलं. अर्धा तास.

वेल्डिंगचे रॉड इथे गरम पेटीत ठेवतात, ओल लागू नये म्हणून. प्रत्येकाने मोजून चार घ्यायचे, उरले तर परत पेटीत. माझे रॉड गेली चोवीस वर्षं बिस्किटाच्या डब्यात असतात. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बिस्किटं चांगली राहत असतील."

आठ नंबरला एक शिंपीणबाई आहे. वीस वर्षं शिवणकाम केलं, कपड्यांचा कारखाना बंद पडला म्हणून इकडे आली. आजवर हातात सुईपेक्षा जड काही धरलेलं नाही. तिला आणि मला एकच धडा.

२० जानेवारी, मंगळवार

आज पट्टी ब्रशने साफ करायला शिकवलं. मला.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज एकदाचा जोड द्यायला मिळाला. सपाट पट्टीवर सरळ रेघ. मी काच वर केली तेव्हा पडद्याजवळ पाच जण जमले होते. रेघ अशी, की एकावर एक नाणी सरकवून ठेवावीत. शिंपीणबाई म्हणाली, "दादा, हे मशिनने केल्यासारखं आहे हो." मी म्हटलं, मशिनला एवढं जमत नाही.

सर आले. वाकले. बघितलं. "छान दिसतोय."

एवढंच. दिसतोय म्हणजे काय? कारखान्यात दिवसभर तो शब्द दाताखाली खड्यासारखा येत राहिला.

८ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेलो होतो. बेल वाजवायच्या आधी जिन्याकडे बघायची सवय आहे. घराच्या बाहेरून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना — सतरा पायऱ्या, एकोणीस वर्षांपूर्वी मी केलेला. बहिणीचं काम म्हणून हात आखडता घेतला नव्हता. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आठ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घातल्या. तेवढ्या लांबीच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत, म्हणून प्रत्येक बाजूला दोन जोड आले. एकूण चार.

त्यातले तीन कुठे आहेत ते मलाही आठवून सांगावं लागतं. चौथा सगळ्यांना दिसतो. डाव्या बाजूचा, खालून सहाव्या पायरीशी. तो देताना पट्टी धरली होती दाजींनी. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारा हात! मी पट्टी जागेवर धरणारा छोटा टाका मारायला आणि ते शिंकायला एकच गाठ पडली. पट्टी सरकली, फट पडली, मग दोन्ही बाजूंनी रॉड ओतत बसलो. वर ढेकूळ, मागे गाठ. ग्राइंडरची चकतीही नेमकी तेव्हाच संपली. म्हटलं, राहू दे तसाच. तेव्हापासून कुणी जिन्याचं कौतुक केलं की मी सांगतो, तीन माझे, चौथा दाजींचा. लोक हसतात. दाजी सगळ्यांत आधी.

आजही वर जाताना त्यांनी त्या ढेकळावर थाप मारली. "मेव्हणे, तुमचे तीन कुणी बघत नाही. माझ्या एकाची सगळीकडे चर्चा."

दाजी दहा एप्रिलला निवृत्त होतायत. बारा तारखेला, रविवारी, गच्चीवर जेवण. चाळीस माणसं. ताई आतापासून खुर्च्या मोजतेय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

आज वाकवण्याची चाचणी होती. दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, वरचा फुगवटा घासून सपाट करायचा आणि मशिनखाली ठेवायच्या. वरून गोल नाकाचा दांडा येतो, पट्टी दोन रुळांमध्ये दाबतो आणि ती वाकून यू होते. जोड चांगला असेल तर काही होत नाही. नसेल तर उघडतो.

माझ्या पट्ट्या मी नेहमीप्रमाणे जुळवल्या. कानशीने कडा घासल्या, दिव्यासमोर धरल्या. मधून उजेडाचा दोरासुद्धा दिसत नव्हता. मग जोड दिला. देखणा.

दांडा पुरता खाली आलासुद्धा नव्हता. टक्. मोठा आवाज नाही, बशी फुटावी तेवढा.

सरांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले. आत बघितलं. वर नखाएवढी जाड साय आणि तिच्याखाली पट्टीची मूळ कड जशीच्या तशी. कानशीच्या रेघासुद्धा शाबूत. माझा जाळ तिथवर पोचलाच नव्हता.

त्यानंतर शिंपीणबाईची पट्टी, सरांनी दाखवली तशी जुळवलेली. तिचा जोड म्हणजे सुरवंट. पूर्ण यू झाली, काही उघडलं नाही. ती माझ्याकडे बघून टाळी वाजवता वाजवता थांबली. ते थांबणं जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. दोन गैरहजेऱ्या झाल्या.

ही म्हणाली, "बूट घातलेत, डबा घेतलाय आणि पाऊण तास गॅलरीत उभे आहात. कुणाची वाट बघताय?"

"स्टोअरमध्ये पंखा आहे," मी म्हटलं.

"मग तिथेच जा. पण संध्याकाळी मला पंख्याच्या तक्रारी नकोत."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. सरांनी हजेरी घेतली, कुठे होता विचारलं नाही. वर्ग सुरू झाल्यावर माझ्या कप्प्यात आले. माझ्या टेबलावरच्या पट्ट्या — जुळवून ठेवल्या होत्या, सवयीने — त्यांनी बोटाने दूर केल्या.

"सात नंबर, तुमचा हात चांगला आहे. जुळवणी वाईट आहे."

चोवीस वर्षांत मला कुणी हे म्हटलं नव्हतं. उलटंच म्हणायचे.

मग त्यांनी सांगितलं. पातळ पत्रा, पातळ पाइप असेल तर घट्ट बसवलेलं चालतं, जाळ आरपार जातो. जाड पट्टीत जात नाही. तिथे कडा तिरक्या घासायच्या आणि मध्ये फट ठेवायची. तीन मिलिमीटर. वितळलेलं लोखंड त्या फटीतून खाली उतरून मागच्या बाजूला दिसलं पाहिजे. "तुम्ही फट बंद करता, मग वरून रंगरंगोटी करता."

म्हणजे मुद्दाम फट ठेवायची. सदऱ्याचं वरचं बटण लावायचं राहिलंय, हे ठाऊक असून तसंच लोकांत जावं, तसं वाटलं.

शिंपीणबाई पडद्यापलीकडून म्हणाली, "आम्हीपण शिवणीत माया सोडतो ना दादा. अगदी काठावरून शिवलं तर उसवतं."

मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. नंतर वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सरांनी तीन मिलिमीटर जाडीची तार वाकवून दिली आहे. ती दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवायची, टाके मारायचे, मग काढून घ्यायची. तार ठेवतो. टाका मारायच्या क्षणाला डावा हात आपणहून पट्टी आत ढकलतो आणि तार चिमटून बसते. आज पाच वेळा. पाचही वेळा मी हाताकडे बघत असताना.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यात ट्रॉलीचा पाइप घासत होतो. जोड दिसू नये म्हणून ग्राइंडर फिरवत होतो. घासता घासता थांबलो.

ट्रॉलीचा पाइप दीड मिलिमीटरचा. खिडक्यांच्या जाळ्या, रॅक, टेबलं, सगळं पातळ. आजवर जाड पट्टीचा जोड मी एकाच ठिकाणी दिलाय.

ताईचा जिना.

आणि तिथे जोड दिल्यावर वरून घासलेत. सफाईने. वर जी नखाएवढी साय होती, ती मीच घासून अर्धी केली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

एकोणीस वर्षं उभा आहे की. पडायचा असता तर पडला असता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पण एका वेळी दोन माणसं चढतात. फार तर तीन. चाळीस माणसं जेवण झाल्यावर एकदम उतरतात, आणि अर्धी तिथेच पायऱ्यांवर गप्पा मारत थांबतात. दाजींचे तर सगळे वाचनालयातले — बोलणं सुरू झालं की हलत नाहीत.

१ मार्च, रविवार

ताईकडे जाऊन आलो. निमित्त काही नाही. बॅटरी, खडू आणि भिंग खिशात. ताई आत भाजी निवडत होती तेवढ्यात तिन्ही जोड शोधले. शोधायला वेळ लागला, याची एकेकाळी मला केवढी घमेंड! भिंगातून फक्त रंग दिसला. चार थर. रंगाखाली काय आहे ते रंग सांगत नाही.

वरच्या पायरीवर जाऊन टाचेने दाब दिला. आवाज नाही. मग माझीच मला लाज वाटली — बहिणीच्या दारात चोरासारखा उड्या मारतोय.

दाजींनी गच्चीतून बघितलं. "मेव्हणे, व्यायाम चाललाय?"

"हो," म्हटलं.

८ मार्च, रविवार

घराचा दरवाजा कुरकुरत होता, बिजागरीला तेल घातलं. मग सगळ्याच बिजागऱ्यांना घातलं. मग शेजाऱ्यांच्या. ही म्हणाली, "तुम्हाला झालंय काय?" काही नाही म्हटलं. संध्याकाळी ताईला फोन लावला. जिन्याचं म्हणून सुरुवात करणार, तर ती म्हणाली, "बरं झालं फोन केलास, दाजींना सांग, गच्चीवर मंडप नको म्हणून. ऐकतच नाहीत." मी दाजींशी मंडपावर दहा मिनिटं बोललो. पाऊस नाही, ऊन नाही, कशाला मंडप वगैरे. फोन ठेवला.

१७ मार्च, मंगळवार

तार ठेवतो. हात ढकलतो. शिंपीणबाईने आज एक युक्ती सांगितली. टाका मारायच्या आधी पट्टी सोडूनच द्यायची, हात मांडीवर ठेवायचा. "कापड ओढलं की चुण्या पडतात दादा. आपण सोडून दिलं की ते बसतं." तिला मी अजून धड मान दिलेला नाही आणि ती मला रोज काहीतरी देते.

हात मांडीवर ठेवला. फट राहिली. तीन. मोजली.

२४ मार्च, मंगळवार

सराव परीक्षा. दोन पट्ट्या. एक यू झाली. दुसरीला एका टोकाला भेग, चार मिलिमीटर. तीनपर्यंत चालते. म्हणजे नापास.

खरी परीक्षा अठरा एप्रिलला, शनिवारी. बाहेरचा तपासनीस येणार. एकच संधी, मग पुढची बॅच. पुढच्या बॅचपर्यंत मी चिठ्ठ्या फाडत असेन.

भेग जिथे पडली तिथे मी फट थोडी कमी ठेवली होती. अर्धा मिलिमीटर. कुणाला दिसली नसती. मला दिसत होती आणि बरी वाटत होती.

२९ मार्च, रविवार

आज सांगायचंच म्हणून गेलो. ताईने जिन्याला नवा रंग द्यायला घेतला होता. खालच्या चार पायऱ्या झाल्या होत्या. "पाहुणे येणार, तुझा जिना बघणार," म्हणाली. माझ्याच हातात दुसरा ब्रश दिला. आठव्या पायरीपर्यंत रंगवून आलो.

काय माणूस आहे मी.

२ एप्रिल, गुरुवार

वर्ग सुटल्यावर थांबलो. सर गरम पेटीत रॉड मोजून ठेवत होते.

म्हटलं, "सर, एक विचारायचं होतं. एका ओळखीच्या माणसाने जिना केलाय. आठ मिलिमीटरच्या पट्ट्या, कडा सरळ, फट नाही. वरून घासलेल्या."

"किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"मग अजून उभा आहे म्हणून तो माणूस गप्प बसलाय."



सरांनी पेटी बंद केली. "त्या माणसाला सांगा, आजपासून त्यावर कुणी चढायचं नाही. आणि हेही सांगा, की जहाजावर माझा पहिला जोड फुटला तेव्हा आत पाणी आलं होतं. मी तीन दिवस दुसऱ्याचं नाव सांगत होतो." मग दार लावता लावता, "उद्या वेळेवर या, सात नंबर."

३ एप्रिल, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून फोन केला. दाजींनीच उचलला. एका दमात सांगून टाकलं. तीन जोड कच्चे आहेत, मी केलेले आहेत, जिन्यावर कुणी पाय ठेवू नका, जेवण खाली अंगणात घ्या, परीक्षा झाली की मी जिना उतरवतो.

दाजी म्हणाले, "तीन कच्चे. आणि माझा?"

"दाजी, तुमचा तर कधीचाच गेलेला आहे."

ते एवढे हसले की ताईने फोन घेतला. तिला परत सगळं सांगावं लागलं. ती हसली नाही. "एकोणतीस तारखेला माझ्याबरोबर रंग देत होतास," म्हणाली, "तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

तिने फोन ठेवला.

४ एप्रिल, शनिवार

हिलाही सांगितलं. ही म्हणाली, "म्हणून बिजागऱ्यांना तेल होय."

१२ एप्रिल, रविवार

दाजींचं जेवण अंगणात झालं. दाटीवाटीने, पण झालं. जिन्याला खाली आडवी दोरी आणि दोरीला पुठ्ठ्याची पाटी. दाजींच्या वळणदार अक्षरात —

"रस्ता बंद. कारागीर शिकतो आहे."

चाळीस माणसांनी वाचली. चाळीस जणांनी विचारलं. पहिल्या तिघांना मी काहीतरी गुळमुळीत सांगितलं. चौथ्याला नीट सांगितलं — फट, तिरक्या कडा, जाळ पोचत नाही, सगळं. तो वाचनालयातला म्हातारा, त्याने बसून ऐकलं आणि प्रश्नही विचारले. मग आणखी दोघे आले. वाढप सुरू झालं तेव्हा मी अंगणातल्या मातीत काठीने पट्टीचा छेद काढत होतो.

ताई माझ्याशी दोनच वाक्यं बोलली. एक, "हात धुऊन घे." दुसरं, निघताना, "परीक्षा कधी आहे तुझी?"

१८ एप्रिल, शनिवार

परीक्षा. सात वाजता आत. तपासनीस बोलत नाही, फक्त मोजतो. दोन जोड — एक सपाट, एक उभा. कडा तिरक्या घासल्या. तार ठेवली. हात मांडीवर. टाका. तार सहज निघाली. दुसरीकडे तसंच. फट मोजली — दोन्ही टोकांना तीन.

उभ्या जोडात मध्येच रॉड चिकटला. पूर्वी झटका देऊन सोडवला असता आणि तसाच पुढे गेलो असतो. आज थांबलो, घासलं, साफ केलं, परत सुरुवात केली. चार मिनिटं गेली. शेवटी सहा उरली होती.

जोड देखणा नाही. मधली एक वळी जाड आहे. वरून घासून सपाट करायला परवानगी नव्हती, ते नंतर तपासनीस करतो.

पट्ट्यांवर नंबर ठोकून तपासनीस घेऊन गेला. निकाल शुक्रवारी.

२१ एप्रिल, मंगळवार

बसवत नाही. आज बसने न जाता कारखान्यापर्यंत चालत गेलो. फोरमनने स्टोअरची किल्ली टेबलावर ठेवलेली दिसली. माझ्यासाठीच असेल असं नाही. असेलही.

२४ एप्रिल, शुक्रवार

उत्तीर्ण. दोन्ही. वाकवल्यावर भेग सपाट जोडात शून्य, उभ्यात एक मिलिमीटर. चालते.

शिंपीणबाई पण उत्तीर्ण. दोन्हीकडे शून्य. मी जाऊन म्हटलं, "बाई, तुमच्या मांडीवरच्या हाताने मी पास झालो." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, हे बाहेर कुणाला सांगू नका, लोक भलतंच समजतील." चौदाच्या चौदा कप्पे हसले.

फोरमनने कागद उलटसुलट करून बघितला. "मिस्त्री, तुम्हाला कशाला हो लागतो हा? नावापुरता."

मी म्हटलं, "नावापुरता नाही." पुढचं सांगितलं नाही. टाकीच्या पहिल्या जोडाला तो बघेलच.

हिने कागद फ्रिजवर लावला, त्याच चुंबकाखाली.

२६ एप्रिल, रविवार

ताईकडे. जिन्याखाली तीन ठिकाणी टेकू लावले आणि चारही जोडांच्या पट्ट्या वीतभर लांबीच्या कापून काढल्या. नवा जिना मे महिन्यात — कडा तिरक्या, फट तीन, आणि घासायचं नाही. ताई म्हणाली, "दिसेल की जोड." म्हटलं, दिसू दे.

तुकड्यांवर खडूने नंबर घातले. दाजी बघत होते. "माझाही नेताय? कशाला, वर्गात हसायला?"

"चार होते, चार मोजायचे," मी म्हटलं. "अर्धी तपासणी मी करत नाही."

२७ एप्रिल, सोमवार

सकाळी सरांच्या मशिनवर चारही वाकवले. एक, दोन, तीन — टक्, टक्, टक्. तिन्हींच्या आत कानशीच्या रेघा शाबूत. चौथ्याचं ढेकूळ आणि मागची गाठ घासून सपाट केली, मग दांडा खाली आणला. पूर्ण यू. सरांनी भिंग लावून दोनदा बघितला, केसाएवढीही भेग नाही. "हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"दाजींचा," म्हटलं.